तिसऱ्या शिफ्टची झोप

तिसरी शिफ्ट करून आलेल्या माणसाच्या झोपेला निघोज्यात कुणी नावं ठेवत नाही. रात्रभर मशीनसमोर उभा राहिलेला माणूस सकाळी घरी येतो, दोन घास पोटात ढकलतो, तोंडावरून चादर ओढतो, आणि अख्खी चाळ आपोआप आवाज खाली करते. शेजारणी टीव्ही बारीक करतात. धुणं आपटायचं सोडून चोळून धुतात. भंगारवालासुद्धा गल्लीच्या तोंडाशीच ओरडून पुढे जातो. कारण त्या खोल्यांमधल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी ती शिफ्ट केलेली असते आणि ती झोप काय असते, हे सगळ्यांना माहीत असतं. दिव्याचा नवरा गणराज एकदा तिसरी करून आला तो जेवता जेवता ताटावरच आडवा झाला. उठला तेव्हा कपाळाला वरण चिकटलेलं होतं. पोरं पुढे कितीतरी दिवस त्याला वरणबाबा म्हणत होती.

ती पोरं आता नाहीत. गेल्या वर्षी भोगीच्या दुपारी दिग्विजय आणि ईश्वरी, दोघंही घरमालकाच्या जमिनीखालच्या हौदात बुडाली. दिव्या आणि गणराज, दोघंही कामावर होते. एरवी दोघं शिफ्टा उलटसुलट घ्यायचे, म्हणजे कुणीतरी एक घरी असायचंच. पण त्या आठवड्यात गणराजला ओव्हरटाइमला थांबवून घेतलं होतं. घरात फक्त विलास होता, त्यांचा पोटभाडेकरू. तो तिसरी करून आला होता आणि झोपला होता. "मला झोप लागली, ताई, मला काहीच ऐकू आलं नाही," असं म्हणत तो उंबऱ्यावर डोकं आपटत राहिला, तेव्हा त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट चाळीतल्या दोन पुरुषांनी त्याला धरून बसवलं, कुणीतरी पाणी पाजलं. सगळ्यांचा राग निघाला तो हौदाचं झाकण उघडं टाकणाऱ्या घरमालकावर. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं.

विलास तसा लांबचा नव्हता. दिव्याच्या माहेरापासून दोन गावं पलीकडचा, लातूरकडचाच. एकट्या पुरुषाला या पट्ट्यात कुणी खोली देत नाही, म्हणून गणराजने त्याला पुढची खोली दिली, आणि लोकांनी बोट दाखवू नये म्हणून दिव्याने त्याला पहिल्याच राखीपौर्णिमेला राखी बांधली. झालं, पोटभाडेकरूचा मामा झाला. तोही नात्याला जागला. ईश्वरीच्या वेण्या घालायचा, दोघांची नखं काढायचा, दिगूचे पाढे घ्यायचा. रोज कामावर निघताना दिव्या चपला घालता घालता पोरांना एकच सांगायची, "काही लागलं तर मामाला हाक मारा." आणि पोरं शहाण्यासारखी मान हलवायची.

पोरं गेल्यावर दिव्याच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. त्यांनी हाक मारली असेल का? ती विलासला पुन्हा पुन्हा विचारायची, आणि तो दर वेळी डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, "मी मेल्यागत झोपलो होतो, ताई." मग तीच त्याची समजूत काढायची. तुझी काय चूक, तिसरी केलेला माणूस तू. आपलं दुःख बाजूला ठेवून त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, म्हणजे काय म्हणावं या बाईला! पण तेव्हा तिला ते बरं वाटायचं. गणराज बोलायचा बंद झाला होता. रडायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पुढे त्यांनी चाळीतली ती जागा सोडली. विलासला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला, तेव्हा दिव्यानेच आम्रपालीकडे शब्द टाकला. आम्रपाली तिची जुनी मैत्रीण, आधी कंपनीत दिव्याच्याच लाइनवर होती. आता तळवड्याला एका छोट्या युनिटमध्ये पॅकिंगला जायची. भाड्याला हातभार लावणारा कुणी हवाच होता तिला, पण घरात आयुष आणि सोनू, दोन लहान मुलं. ती जरा कचरली. दिव्या म्हणाली, "माझा भाऊ आहे. डोळे झाकून ठेव." जिची पोरं तो घरात असताना गेली, तीच आई असं म्हणतेय म्हटल्यावर आम्रपाली पुढे काय बोलणार! आणि तिची सासू भिमाबाई दिवसभर घरात असायचीच. विलास तिकडे राहायला गेला. त्या वर्षीही दिव्याने त्याला राखी बांधली.

यंदाच्या मे महिन्यात लाइनवर सुजित नावाचा नवा लाइन लीडर आला. जवळच्याच मोई गावचा पोरगा, तोंडाने जरा फटकळ, पण मनाचा सरळ. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनला तो दिव्यासमोर येऊन बसला आणि आधीच्या कंपनीच्या गोष्टी सांगायला लागला. कंपनीचं नाव ऐकून दिव्याचा घास हातातच राहिला.

"तिथं माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "विलास. कायम तिसरीला असतो."

"विलास व्हय! आमच्याच लाइनला होता की," सुजित म्हणाला. "पण कायम तिसरीला म्हणजे बंद होईस्तोवरच ना, ताई."

"काय बंद होईपर्यंत?"

"तिसरी. गेल्याच्या आदल्या साली दिवाळी झाली, ऑर्डरी गेल्या आन् तिसरी शिफ्टच बंद केली न्हाई का मालकानं. कायमवाल्यांना जनरलला घेतलं. कंत्राटी पोरांना ब्रेक दिला, घरी बसवलं. त्यात तुमचा विलास बी होता. आमी फुडं संक्रांतीला तिळगूळ वाटला तर रात्रीचं तिथं वॉचमनबिगर कोण न्हवतं राव."

दिव्याने डब्याचं झाकण लावलं. ते वाकडं बसलं, तिने पुन्हा काढून नीट लावलं. पोरं गेली त्याआधीच्या दिवाळीपासून शिफ्टच नव्हती. मग भोगीच्या आदल्या रात्री तिने बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली होती, तो डबा घेऊन हा माणूस कुठे गेला होता? सकाळी येऊन "लई लोड होता, ताई, कंबर मोडली" म्हणाला, ते कुठल्या कंपनीचं? रात्रभर कुठे जाऊन झोपत होता कोण जाणे, पण ज्याने कामच केलं नाही, त्याला भरदुपारी मेल्यागत झोप कशी लागली?

त्याला झोप लागली नव्हती, एवढं एकच वाक्य तिला सुचत होतं. त्याला झोप लागलेली नव्हती. तो जागा होता.

आणि मग तिला काल संध्याकाळचा आम्रपालीचा फोन आठवला. सासू आणि नवरा मयतीला गावी गेलेत, शाळेला सुट्टी, पोरं घरी. "पण काळजी नाही गं, विलासमामा आहेत ना." हे ऐकून दिव्यानेच तिला म्हटलं होतं, की हो, तो आहे म्हणजे बघायलाच नको.

ती उठली ती खुर्ची पाडूनच. सुजितला बाजूला ओढून तिने जे सांगायचं ते सांगितलं, कसंबसं, तुटक. त्याचा चेहरा उतरला. "पोलिसांना काय सांगणार पण, ताई?" तो म्हणाला. "शिफ्ट बंद होती म्हणून? हसतील ते."

"मला तळवड्याला सोड," ती म्हणाली. "बाकी मला माहीत नाही."

कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही. गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. लाइनवरून कुणी मध्येच सुटतही नाही, जागेवर रिलिव्हर उभा राहिल्याशिवाय. सुजितने रिलिव्हर शोधला, गेटपास फाडला, सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घातली, आणि तोवर दिव्या लॉकरची चावी कुलपात फिरवत होती. चावी बसेना. तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच शिवी गेली. फोन हातात आल्यावर तिने आधी आम्रपालीला लावला. रिंग जात राहिली. आम्रपालीचा फोनही तिच्या युनिटच्या गेटवर असाच कुठल्या तरी कप्प्यात पडलेला असणार, दुसरं काय! तिसऱ्यांदा वाजून बंद झाला आणि दिव्या सुजितच्या गाडीवर मागे बसली.

मोईच्या रस्त्याला लागल्यावर तिने विलासला फोन लावला. का लावला हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. एवढंच डोक्यात होतं की तो जोवर आपल्याशी बोलतोय तोवर त्याचे हात रिकामे नाहीत.

"हां ताई, बोल की." आवाज नेहमीसारखाच, मऊ.

"काय करायलास?"

"काही नाही. आताच आडवा झालतो. रात्री लई लोड होता."

दिव्याने दात आवळले. "अरे, ते गावाकडच्या लग्नाचं विचारायचं होतं," ती म्हणाली. मावशीच्या नातवाचं लग्न, आहेराला काय न्यायचं, साडी की भांडं, तू येणार का, गाडी कुठली धरायची. तोंडाला येईल ते ती बोलत राहिली. सुजित खड्डे चुकवत गाडी पळवत होता, वारा फोनमध्ये शिरत होता. विलास हूं हूं करत सगळ्याला उत्तर देत होता. भांडंच ने, ताई, साडीत नावं ठेवतात बाया. असं म्हणून हसलासुद्धा. त्याच्यामागे सोनूचं खिदळणं ऐकू येत होतं, आणि पाणी पडत असल्याचा आवाज.

"पाणी आलंय का?" तिने विचारलं.

"हाव, ड्रम भरायलोय. एक दिवसाआड येतंय इथं."

"आयुष कुठाय?"

"दूध आणायला धाडलंय त्याला." मागे नळ बंद झाल्याचा आवाज आला. "तू कुठं हाईस, ताई? वारा लई वाजतोय."

"गच्चीवर आलेय कंपनीच्या. जेवणाची सुट्टी आहे. अरे ऐक ना, ते लग्नाला..."

"ठेवतो आता. सोनूला अंघोळ घालायचीय."

"थांब, विलास, थांब रे, एक राहिलं..."

"झोप येऊलाली, ताई," तो म्हणाला आणि फोन कट झाला.

इंद्रायणीचा पूल ओलांडला तेव्हा दिव्या मोठ्याने रडत होती आणि सुजितच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. तो बिचारा गाडी दामटत राहिला. तळवड्याच्या चौकात नेहमीचाच सगळा गुंता, कंटेनर आडवा, त्याच्यामागे बसगाड्या, त्यांच्यामध्ये घुसलेल्या रिक्षा. दिव्याने गाडीवरून उडी मारली आणि ती पळत सुटली. सेफ्टी शूज पायात, अंगावर कंपनीचा शर्ट, लोक वळून बघत होते. मागून सुजित ओरडला की गाडी टाकून आलोच, पण तिने ऐकलं नाही. दूध घेऊन येणारा आयुष वाटेत कुठे दिसतो का ते ती बघत होती. दिसला नाही.

आम्रपालीचं घर वरच्या मजल्यावर. जिना चढताना तिने श्वास आवरला. दाराला आतून कडी होती. तिने बाहेरची कडी वाजवली, हळूच, पाहुणीने वाजवावी तशी. आत शांत झालं. मग पावलं आली.

विलासने दार उघडलं. कमरेला टॉवेल, केसांना तेल लावून भांग पाडलेला. दिव्याने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. तिसरी करून आलेल्या माणसाचे डोळे ती ओळखत होती, लाल, सुजलेले, पापण्या वर उचलताना जीव जातो असे. गणराजचे असे डोळे तिने कितीदा पाहिले होते. याचे डोळे स्वच्छ होते. कुणीतरी धुऊन ठेवावेत इतके स्वच्छ. असेच असायचे ते, रोज सकाळी, तिच्या घरात, आणि तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. स्वतःचा असा राग तिला कधी आला नव्हता.

"ताई, तू? आत्ता तर कंपनीत होतीस," तो म्हणाला.

"सुट्टी घेतली." ती त्याच्या बाजूने आत सरकली. मोरीत निळा ड्रम काठोकाठ भरलेला होता. शेजारी पालथ्या बादलीवर सोनू उभा होता, उघडाबंब, दोन्ही हात ड्रमच्या काठावर, आत वाकून बघत.

"मावशी, आत मासा आहे," सोनू म्हणाला. "मामा म्हणतो खूप वाकलं की दिसतो."

दिव्याने हसून दाखवलं. "मासा नंतर बघू. चल, आईच्या कंपनीत आइस्क्रीम वाटणार आहेत. तिने बोलावलंय."

"अंघोळ होऊ दे की त्याची," विलास म्हणाला. तो तिच्या आणि मोरीच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. त्याने मागे हात नेऊन सोनूच्या मानेवर ठेवला. लाडाने ठेवावा तसाच. "अशा घामट अंगानं न्हेतेस का लेकराला?"

"चालतंय."

"मग मी घेऊन येतो त्याला. तू हो पुढं."

"नाही. मी नेते."

कुणीच हललं नाही. ड्रमातलं पाणी काठावरून थोडं सांडलं आणि मोरीच्या भोकातून जाताना आवाज आला. दिव्या सोनूकडे बघत होती, मानेवरच्या त्या बोटांकडे बघत होती. तिला कळत होतं की आपण ओरडलो तर हा हात काय करेल ते सांगता येत नाही. म्हणून ती ओरडली नाही.

अगदी शांतपणे विलासने विचारलं, "तुला कुणी सांगितलं, ताई?"

जिन्यावर बुटांचे आवाज आले. सुजित एकटा नव्हता, खालच्या गिरणीतले दोघंतिघं बाप्ये त्याने बरोबर आणले होते. दार उघडंच होतं. माणसं आत घुसली तसा विलासने हात काढून घेतला, जणू कुणीतरी त्याला हात पुसायला सांगितलं होतं. दिव्याने सोनूला उचललं आणि छातीशी असं आवळलं की ते पोर रडायलाच लागलं.

त्यानंतर पोलीस यायला वेळ लागला, पण विलास पळाला नाही. भिंतीला टेकून बसून राहिला. सुजितने त्याला दोन मुस्काटात दिल्या, त्याही त्याने मुकाट खाल्ल्या. आयुष दुधाची पिशवी घेऊन आला आणि दारातल्या गर्दीत घाबरून उभा राहिला. जवळच्या दुकानात दूध असताना मामाने त्याला पार चौकाच्या पलीकडे पाठवलं होतं. आम्रपाली धावत आली, तिला निरोप कुणी दिला देव जाणे, आणि तिने आयुषला मिठीत घेऊन जमिनीवरच बसकण मारली. दिव्याकडे तिने एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग होता की आभार, ते दिव्याला कळलं नाही. दोन्ही असतील तर तेही बरोबरच होतं.

पोलिसांनी विलासला खाली आणलं. गल्ली माणसांनी भरली होती. दिव्या सोनूला कडेवर घेऊन वाटेतच उभी होती. तो टॉवेलात गुंडाळलेला, तिच्या खांद्यावर नाक पुसत होता. विलास समोर आला तसं तिने वाट अडवली. हवालदार म्हणाला, "बाजूला व्हा, ताई." ती झाली नाही. का केलंस, हे तिला विचारायचं नव्हतं. त्याचं उत्तर ऐकून ती काय करणार होती! तिला एकच गोष्ट हवी होती, जी ती सव्वा वर्ष रोज मागत होती.

"विलास," ती म्हणाली, "दिगूनं मला हाक मारली होती का रे?"

तो थांबला. पहिल्यांदाच त्याने आठवून सांगावं तसं तोंड केलं.

"तुला न्हाई, ताई," तो म्हणाला. "मला हाका मारायला लागला. मामा, मामा म्हणून. शेवटपर्यंत. तूच सांगितलं होतंस की त्याला."

हवालदाराने त्याला पुढे ढकललं. माणसं वाट देत बाजूला झाली, आणि विलासचं तेल लावलेलं डोकं गर्दीतून गाडीकडे जायला लागलं. सोनूने रडणं थांबवून मान वर केली. आपला माणूस कुठेतरी चाललाय आणि आपल्याला नेत नाहीय, एवढंच त्याला कळलं असावं. त्याने हात लांब केला.

"मामा!" त्याने जोरात हाक मारली.

दिव्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला.